खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ ठेवायचे? आधी दिव्याचा हिशेब करा

नंदुरबार म्हटले की मिरचीच्या पथाऱ्या डोळ्यांसमोर येतात, समुद्र येत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत हॉटेले, कपड्यांची मोठी दुकाने आणि दवाखान्यांच्या बैठकीच्या खोल्यांतून काचेच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. त्यातल्या बहुतेक गोड्या पाण्याच्या. एखादीच खाऱ्या पाण्याची. या टाक्या बांधणारे, काच कापणारे, स्टँड वेल्ड करणारे, वायरिंग करणारे अनेक कारागीर आपल्या समाजातले आहेत, म्हणून हा विषय या पानावर घेत आहोत.

आमच्या परिचयाचा एक तरुण काच-कारागीर मागे आमच्याकडे आला. त्याने एका हॉटेलमालकासाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी बांधून दिली होती. क्लाउन आणि डॅमसेल जातीचे मासे तीत वर्षभर चांगले राहिले. मग मालकाने मोबाइलवर परदेशातल्या एका प्रवाळ-टाकीचे चित्र पाहिले आणि फर्मान सोडले की, आपलीही टाकी अशीच करा. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने कारागिराला सांगितले की, त्यासाठी अडीचशे वॅटचे दोन मेटल हॅलाइड दिवे घ्यावेच लागतील.

"चाचा, घेऊन टाकू का? माल तयार आहे म्हणतो. पैसे मात्र आगाऊ मागतो," तो म्हणाला.

आम्ही म्हटले, "बेटा, दिवा नंतर. त्या दिव्याखाली ठेवणार काय, ते आधी सांग."

याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. बहुतेकांकडे नसते, आणि सगळा घाटा तिथूनच सुरू होतो.

नुसत्या माशांच्या टाकीत दिवा हा पाहणाऱ्यासाठी असतो. माशाला साधी ट्यूबलाइट पुरते. प्रवाळाचे तसे नाही. प्रवाळ दगडासारखे दिसते, झाडासारखे वाढते, पण तो प्राणी आहे. त्याच्या अंगात अतिसूक्ष्म शैवाल वस्ती करून असते. हे शैवाल उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा हिस्सा आपल्या यजमानाला देते. म्हणजे प्रवाळाच्या टाकीतला दिवा ही शोभा नव्हे, ती शिधासामग्री आहे. शिधा कमी पडला तर प्राणी उपाशी मरतो आणि एकदम जास्त झाला तर अंगातले शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. शिवाय समुद्राचे पाणी तांबडा उजेड वरच्या काही मीटरांतच शोषून घेते. खाली पोहोचतो तो मुख्यतः निळा. म्हणून या शैवालाला निळा उजेड सर्वाधिक उपयोगी पडतो. आपल्या डोळ्यांना लख्ख वाटणारा पिवळसर दिवा त्याच्या दृष्टीने अर्धपोटी जेवण ठरतो.

यातही सगळ्यांची भूक सारखी नाही. प्रवाळासाठी उजेड मोजण्याचे एक माप आहे, त्याला पार म्हणतात. आपल्याकडील भर दुपारच्या उघड्या उन्हात ते दोन हजारांच्या आसपास जाते. छत्रीसारखे पसरणारे मश्रूम पन्नास पारवरही सुखाने राहतात. बटणांच्या गुच्छासारखे दिसणारे झोअँथिड आणि जाड कातडीचे लेदर कोरल यांना साधारण ऐंशी ते दीडशे पुरतात. बारीक फांद्यांच्या दगडी प्रवाळाला मात्र दोनशे ते साडेतीनशे लागतात. अडीचशे वॅटचे दोन हॅलाइड विकणारा व्यापारी या शेवटच्या जातीचा विचार करून बोलत होता. आणि नेमकी हीच जात आपल्या कारागिराने टाकीत ठेवायची नाही.

का, ते नीट ध्यानात घ्यावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्व दगडी प्रवाळे, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. पहिली अनुसूची म्हणजे ज्या यादीत वाघ आहे ती. या यादीतला प्राणी समुद्रातून काढणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा असून शिक्षा तीन ते सात वर्षे कैदेची आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने किमान दंड पंचवीस हजार रुपये केला. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडाही या कायद्यातून सुटत नाही. बाजारात 'जिवंत दगड' म्हणून जो माल येतो, तो पुष्कळदा जुन्या प्रवाळाचाच तुकडा असतो. कोणी ओल्या गोणपाटात गुंडाळून, बिलाशिवाय आणून देत असेल तर दारातूनच परत पाठवावा. माल जप्त होतो तेव्हा आणून देणारा कुठल्या कुठे गेलेला असतो. सापडतो तो दुकानदार.

कायदा किती कडक आहे त्याचे उदाहरण मुंबईतलेच आहे. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथील खडकांवर प्रवाळाच्या लहान लहान वसाहती आढळल्या. महानगरपालिकेला एवढा मोठा सरकारी प्रकल्प असूनही त्या परस्पर हलवता आल्या नाहीत. वन खात्याची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी त्या कुलाब्याकडे नेऊन बसवल्या. महानगरपालिकेची ही गत, तर आपल्या दुकानाची काय कथा!

(हाजी अलीच्या दर्ग्याला भरती-ओहोटी पाहून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, वाटेशेजारच्या गढूळ पाण्यात प्रवाळ वाढत होते? त्या पाण्यात हातभर खालचे दिसत नाही. थोड्या उजेडावर भागवणारी प्रवाळेही असतात, हे त्यावरून कळावे.)

मग टाकीत ठेवायचे काय? मऊ अंगाचे मश्रूम, झोअँथिड आणि लेदर यांची नावे २००१ च्या त्या यादीत नव्हती. परंतु याद्या बदलत असतात. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स या आंतरराष्ट्रीय करारातील परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला सरकारी परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. तिचे नियम २०२४ मध्ये आले. म्हणून विकणाऱ्याकडून प्राण्याचे शास्त्रीय नाव बिलावर लिहून घ्यावे आणि ते बिल पुढे ठेवून वन विभागाच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी. एका अर्जाचा खर्च तो किती? दगडाच्या जागी भट्टीत भाजलेला सच्छिद्र सिरॅमिक दगड किंवा सिमेंटचा बनवलेला, महिनाभर पाणी बदलत मुरवलेला दगड वापरावा. हे काम तर आपल्या कुंभार आणि गवंडी कारागिरांच्याच हातचे आहे.

आता दिव्याकडे येऊ. दगडी प्रवाळ वगळले की दीडशे पारच्या वर जाण्याचे कारणच उरत नाही. दीड फूट खोल टाकीसाठी मध्यम उजेड भरपूर झाला. बाजारात तीन तऱ्हेचे दिवे सांगितले जातात.

मेटल हॅलाइड हा जुना पहिलवान. उजेड जोरदार, पाण्यात लाटांच्या सावल्या हलताना दिसतात, देखावा फार सुंदर. पण दोन दिवे आणि त्यांचे चोक मिळून साडेपाचशे वॅट खातात. दहा तास लावले तर रोजचे साडेपाच युनिट, महिन्याचे एकशे पासष्ट. युनिटला दहा रुपये धरले तर सोळाशे पन्नास रुपये झाले. आपला खरा दर बिलावर पाहून गुणाकार करावा. व्यापारी जोडणीचा दर घरगुतीहून वेगळा असतो. टी-५ ट्यूब चार फुटी चोपन्न वॅटची येते. चार ट्यूब नऊ तास चालवल्या तर चोकसह महिन्याला साठ-बासष्ट युनिट. उजेड सारखा पसरतो, सावली पडत नाही. मऊ प्रवाळासाठी दिवा म्हणून उत्तम. परंतु नऊ महिने ते वर्षभरात ट्यूबचा निळा उजेड उतरतो. डोळ्याला ती पूर्वीसारखीच दिसते म्हणून लोक बदलत नाहीत आणि मग टाकीत शेवाळ का माजले, असे विचारत येतात. शिवाय पाऱ्यामुळे या ट्यूबचे दिवस भरत आले आहेत. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ पासून टी-५ आणि टी-८ ट्यूब बाजारात आणण्यास बंदी घातली. मत्स्यालयाच्या खास निळ्या ट्यूब नंदुरबारला तशाही मागवूनच घ्याव्या लागतात. पुढे त्या मिळणे आणखी कठीण जाईल.

तिसरा एलईडी. निळा एलईडी हे जपानी शास्त्रज्ञांचे १९९० च्या सुमाराचे यश. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निळ्यावाचून आजचा पांढरा एलईडीही झाला नसता. आमच्या चार फुटी टाकीला मऊ प्रवाळासाठी शंभर-एकशेदहा वॅट पुरतात. नऊ तासांचे रोज एक युनिट, महिन्याचे तीस. हॅलाइडच्या तुलनेत दहाच्या दराने महिन्याला साडेतेराशे रुपये वाचले, वर्षाचे सोळा हजारांवर.

पण आमच्या भागात विजेच्या बिलाहून मोठी गोष्ट उष्णतेची आहे. मुंबईचा व्यापारी हे सांगत नाही, कारण त्याला ते सोसावे लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत नंदुरबार-शहाद्याकडे पारा चाळीसच्या पुढे जातो. प्रवाळाला हवे चोवीस ते सव्वीस अंशांचे पाणी. अठ्ठावीसच्या वर ते कावते. तिसाच्या वर काही दिवस राहिले की पांढरे पडू लागते. आमच्या टाकीत अडीचशे लिटरच्या आसपास पाणी बसते. पाचशे वॅटच्या हॅलाइडची निम्मी उष्णता जरी पाण्यात उतरली आणि बाहेर काहीच गेली नाही असे धरले, तर दहा तासांत पाणी आठ अंशांनी तापते. प्रत्यक्षात काही उष्णता हवेत जाते, हे खरे. पण खोलीची हवाच चाळीस अंशांची असेल तर जाणार कुठे? मग पाणी थंड करायला चिलर आणा, चिलर खोली तापवतो म्हणून एसी लावा. दिव्यामागे चिलर, चिलरमागे एसी, आणि एसीमागे कर्ज.

यावर खानदेशात एक स्वस्त उपाय चालतो, तो आपल्या कूलरचाच. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी असते. पाण्याच्या पृष्ठभागावर दोन लहान पंखे तिरपे लावले की पाणी उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी उडाले तर या टाकीतून सुमारे सव्वादोन अंशांइतकी उष्णता निघते. जेवढे पाणी उडेल तेवढे आरओचे गोडे पाणी रोज भरावे. मीठ उडत नाही, म्हणून मिठाचे पाणी भरायचे नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे हे पंखे फारसे चालत नाहीत. त्या दिवसांत ऊनही नसते. मे महिन्यात मात्र ज्या खोलीला दुपारी एसी नाही तिथे प्रवाळ ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल.

कोणी म्हणेल, फुकटचे ऊन का नको? १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी सूर्यप्रकाश, समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवल्याचे लिहून ठेवले आहे. पण त्यांच्याकडे समुद्र जवळ होता. आपल्या पश्चिमेच्या खिडकीत टाकी ठेवली तर पहिल्याच उन्हाळ्यात रस्सा होईल.

एलईडी तयार घ्यावा की बनवावा? तयार दिव्यात उजेड कमीजास्त करण्याची सोय असते आणि हमीपत्र मिळते. पण बिघडला तर तो दुरुस्तीला बाहेरगावी जातो आणि टाकी आठ-पंधरा दिवस अंधारात. ज्याला सोल्डरिंग येते त्या कारागिराने बनवून पाहायला हरकत नाही. आम्ही त्या तरुणाला जो मेळ सांगितला तो असा. साडेतीन फुटांचे पंखाकृती अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे हीट सिंक. तीन वॅटचे एकूण अठ्ठेचाळीस एलईडी: त्यातले बत्तीस साडेचारशे नॅनोमीटरचे गडद निळे आणि सोळा पांढरे. बारा-बाराच्या चार माळा. प्रत्येक माळेला सातशे मिलिअ‍ॅम्पचा स्वतंत्र ड्रायव्हर. माळेला चाळीस व्होल्टच्या आसपास लागतात आणि सगळे मिळून एकशेदहा वॅटच्या घरात बसते. प्रत्येक एलईडीखाली थर्मल पेस्ट लावावी, पण पातळ. लोण्यासारखी थापू नये. हीट सिंकवर कान लावल्यावरच ऐकू येईल असा लहान पंखा. निळ्या दोन माळांचा स्विच वेगळा ठेवावा. सकाळी आधी त्या लागाव्यात आणि रात्री शेवटी त्या विझाव्यात. हॉटेलात संध्याकाळी निळ्या उजेडात प्रवाळ चमकते, तोच गिऱ्हाइकाला हवा असलेला देखावा. दिवा पाण्यापासून आठ ते दहा इंच वर टांगावा.

पुढची गोष्ट वायरमन बंधूंसाठी. खारे पाणी विजेचा उत्तम वाहक आहे आणि त्याचे तुषार सगळीकडे बसतात. साधा पत्रा, लोखंडी स्क्रू सहा महिन्यांत गंजून गळतो आणि तो गंज टाकीत पडतो. एलईडीखाली काच किंवा अ‍ॅक्रिलिकची ताटली हवी. ड्रायव्हर टाकीच्या खालच्या कपाटात ठेवण्याची वाईट सवय आहे. तो बाजूच्या भिंतीवर, टाकीच्या वरच्या कडेपेक्षा उंच, कोरड्या डब्यात बसवावा. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळ घेऊन मगच वर जावी, म्हणजे ओघळलेले पाणी झोळात टपकते, सॉकेटमध्ये जात नाही. खरे अर्थिंग आणि तीस मिलिअ‍ॅम्पचा आरसीसीबी यांवाचून खाऱ्या टाकीची जोडणी देऊ नये. काम करताना झोअँथिडच्या दगडाला उघड्या हाताने खरवडू नये; त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे भयंकर विष असते. हातमोजे आणि चष्मा घालावा. असा दगड साफ करण्यासाठी उकळणे तर कधीच नाही, त्याच्या वाफेने घरातली माणसे दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत.

टाकी बदलताना आणखी एक चौकशी करावी: माशांच्या आजारावर तीत कधी तांब्याचे औषध घातले होते का? तांबे माशाला सोसते, प्रवाळाला सोसत नाही, आणि दगड-वाळूत मुरून राहते. घातले असेल तर जुना दगड आणि वाळू बाहेर काढलीच पाहिजे. फुलपाखरू मासे आणि ट्रिगर मासे प्रवाळ कुरतडतात, त्यांचीही दुसरीकडे सोय लावावी.

आता आमचीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या टाकीवर आम्ही जुन्या ट्यूब काढून नवा एलईडी चढवला आणि हौसेने पहिल्याच दिवशी पूर्ण जोरात दहा तास चालवला. दोन दिवस वाहवा झाली. पाचव्या दिवशी लेदर कोरल आक्रसले, आठव्या दिवशी मश्रूम पांढरेफटक. आम्ही पाणी तपासले, मीठ तपासले, विकणाऱ्याला नावे ठेवली. दोष आमच्या घाईचा होता. अंधाऱ्या खोलीतून माणसाला एकदम उन्हात काढावे तसे झाले होते. उजेड कमी केला तेव्हा निम्मे वाचले.

म्हणून त्या कारागिराला मच्छरदाणीच्या जाळीचे चार थर दिव्याखाली बांधायला सांगितले. सुरुवातीला दिवसाला सहा तास. दर आठवड्याला एक थर काढायचा आणि तास थोडे वाढवायचे. महिन्याने आठ-नऊ तासांवर थांबायचे. हे काम टायमरवर सोपवावे, हॉटेलच्या पोरावर नव्हे. प्रवाळ तपकिरी, उंच आणि लांबट होऊ लागले तर उजेड कमी पडतो आहे. फिकट होऊन आक्रसले तर जास्त होतो आहे. फिकट दिसताच एक थर परत चढवावा.

त्याने हॅलाइडचा आगाऊ पैसा दिला नाही. हीट सिंक त्याने सुरतेहून आणले, बाकी जोडणी आपल्याच गल्लीतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने केली. हॉटेलमालकाने एकच हट्ट धरला होता की, वीज गेली तरी दिवा विझता कामा नये, त्यासाठी मोठा इन्व्हर्टर लावा. कारागीर पुन्हा आमच्याकडे आला. आम्ही सांगितले की, दिव्याला दोन-चार तास सुट्टी मिळाली तर प्रवाळाचे काही बिघडत नाही, समुद्रावरही ढग येतात. पाणी फिरवणारा पंप आणि हवेचा पंप मात्र बंद पडता कामा नये. दोन्ही मिळून वीस-पंचवीस वॅट. तेवढ्याला दुकानातला जुना इन्व्हर्टर पुरला.